विश्लेषण : ब्रिटनमध्ये उपचार मोफत, तरी दाताचे बिल का येते?

महाराष्ट्रातून ब्रिटनला शिकायला जाणारा विद्यार्थी व्हिसाच्या अर्जासोबतच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरतो. नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्या बहुतेकांना तो १,०३५ पौंड पडतो. एवढे भरल्यावर 'एनएचएस' या सरकारी आरोग्यसेवेत सगळेच मोफत, असा समज होणे साहजिक आहे. डॉक्टरांकडच्या तपासणीचे आणि रुग्णालयातील उपचारांचे पैसे द्यावे लागत नाहीत, हे खरेच. दात मात्र या हिशेबात बसत नाहीत.

हे शुल्क कधीपासून?

एनएचएस ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, तेव्हा दातांचे उपचारही मोफत होते. मागणी इतकी वाढली की १९५१ मध्ये अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावले. एनएचएसचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी याच मुद्द्यावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी दातांच्या इतर उपचारांवरही शुल्क आले. ते आजतागायत कायम आहे.

इंग्लंडमध्ये किती पैसे लागतात?

२००६ पासून तीन टप्पे आहेत. एप्रिल २०२५ पासूनचे दर असे :

• पहिला टप्पा, २७.४० पौंड : तपासणी, एक्स-रे, सल्ला, गरज असल्यास दातांची सफाई. तातडीच्या उपचारांनाही हाच दर.
• दुसरा टप्पा, ७५.३० पौंड : वरील सर्व, शिवाय फिलिंग, रूट कॅनाल, दात काढणे.
• तिसरा टप्पा, ३२६.७० पौंड : वरील सर्व, शिवाय कॅप, ब्रिज, कवळी.

शुल्क प्रत्येक दाताचे नसते, संपूर्ण उपचाराचे असते. तपासणी, दोन फिलिंग आणि एक दात काढणे, या सगळ्याचे मिळून ७५.३० पौंडच होतात. त्याच उपचारात कॅपही बसवली, तर एकूण बिल ३२६.७० पौंड, टप्प्यांची बेरीज होत नाही. उपचार संपल्यावर दोन महिन्यांच्या आत त्याच किंवा खालच्या टप्प्यातले काम निघाले, तर पुन्हा पैसे लागत नाहीत. केवळ सौंदर्यासाठी दात पांढरे करणे यात येत नाही.

शुल्कातून सूट कोणाला?

१८ वर्षांखालील मुले, पूर्णवेळ शिकणारे १८ वर्षांचे विद्यार्थी, गर्भवती आणि गेल्या १२ महिन्यांत बाळंत झालेल्या महिला, तसेच ठरावीक सरकारी भत्ते घेणारे यांना शुल्क नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेला २३ वर्षांचा विद्यार्थी यात बसत नाही. मात्र उत्पन्न कमी आणि बचत १६ हजार पौंडांपेक्षा जास्त नसेल, तर 'एचसी १' अर्ज करून पूर्ण किंवा अंशतः सवलत मागता येते. सवलतीचा खोटा दावा केल्यास मूळ शुल्काशिवाय १०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत. तिथे तपासणी सर्वांना मोफत आहे आणि २६ वर्षांखालील सर्वांना उपचारही.

मग अडचण कुठे आहे?

रुग्णाने दिलेले शुल्क म्हणजे दंतवैद्याची वरकमाई नव्हे. ते त्याला सरकारकडून मिळणाऱ्या रकमेतून वजा होते. त्याचा मोबदला 'युनिट'वर ठरतो. तपासणीला एक युनिट, एका फिलिंगला तीन. २०२२ पर्यंत फिलिंग एक असो वा सहा, युनिट तीनच मिळत. आता तीन किंवा अधिक दातांचे फिलिंग असेल तर पाच मिळतात. तरीही ज्याचे अनेक दात किडले आहेत, त्याच्यावर वेळ आणि साहित्य खर्चून दंतवैद्याच्या हाती त्या मानाने थोडेच पडते. नवे प्रौढ रुग्ण एनएचएसच्या दरात घेण्यास अनेक दवाखाने नकार देतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

दरपत्रक सोपे आहे आणि बिल किती येणार हे आधीच कळते. ही त्याची जमेची बाजू. पण दुसऱ्या टप्प्यावरून तिसऱ्यावर जाताना शुल्क चौपटीहून अधिक होते. खिशाकडे पाहून ज्याने आज ७५ पौंडांचे फिलिंग टाळले, त्याला उद्या ३२६ पौंडांची कॅप लागू शकते किंवा दात गमवावा लागतो. म्हणजे शुल्काचा धाक सर्वाधिक बसतो तो ज्यांनी लवकर यायला हवे त्यांनाच. सरकारला शुल्क ठेवायचेच असेल, तर किमान पहिल्या टप्प्यावरचे तरी काढून टाकायला हवे. स्कॉटलंडने तपासणीपुरते ते करून दाखवले आहे.

तोवर तिथे जाणाऱ्यांसाठी व्यवहार सरळ आहे : दातांची शिल्लक कामे निघण्यापूर्वी उरकावीत, पोहोचल्यावर सवलतीचा अर्ज करावा आणि दुखणे अंगावर काढू नये.