गाडी कोणासाठी धावते?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. त्यानंतरच्या काळाने महायुद्धे पाहिली, दुष्काळ पाहिले, फाळणी पाहिली, १९७४ चा रेल्वे कामगारांचा संप पाहिला; परंतु साऱ्या देशातील प्रवासी गाड्या एकाच वेळी थांबल्या आहेत, असे दृश्य कोणी पाहिले नव्हते. ते २०२० साली दिसले. २२ मार्चला, जनता कर्फ्यूच्या दिवशी, रेल्वेने प्रवासी वाहतूक स्थगित केल्याचे जाहीर केले. मुंबईची लोकलही थांबली. त्या वर्षी १६ एप्रिल हा रेल्वेचा जन्मदिवस आला आणि गेला. फलाटांवर उतारू नव्हते. धान्य, कोळसा, औषधे घेऊन मालगाड्या मात्र धावत होत्या. घराघरांत चूल पेटत राहिली, ती बव्हंशी त्यांच्या बळावर.

थांबणे आवश्यक होते, याविषयी फारसा वाद नाही. साथ माणसाबरोबर प्रवास करते, आणि रेल्वे तर माणसांना एकत्र बसवणारी सर्वांत मोठी व्यवस्था. हे नाते जुने आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांतील अनेकांनी आगगाडीच धरली. पुढच्याच वर्षी, १८९७ साली, साथरोग कायदा आला. या छोट्याशा कायद्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांचे विलगीकरण यांची तरतूद स्पष्ट शब्दांत केलेली आहे. स्थानकांवर गाड्या थांबवून उतारूंना रांगेत उभे केले जाई. काखेत, जांघेत गाठ आहे का, हे पाहिले जाई. स्त्रियांच्या तपासणीवरून लोकांत मोठा क्षोभ उसळला. या कठोरपणाचा भार मुख्यतः तिसऱ्या वर्गाच्या उतारूंवर पडे. वरच्या वर्गाकडे तपासनीस अधिक अदबीने पाहत.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची कथाही निराळी नाही. जूनमध्ये मुंबई बंदरात तो रोग प्रकटला आणि लोहमार्गांच्या आधाराने आतवर, गावोगाव पोहोचला. त्या साथीने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली. गाड्या तेव्हा धावतच राहिल्या होत्या. त्यामुळे २०२० मध्ये, त्याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेत राज्ये निर्बंध लागू करू लागली, तेव्हा गाड्या थांबवण्यामागे इतिहासाचाच धडा होता, असे म्हणता येईल. परंतु इतिहासाचा दुसराही एक धडा होता, आणि तो विसरला गेला. साथीच्या काळात काढलेला नियम डब्याच्या वर्गानुसार कमीअधिक टोचतो, हा तो धडा.

ज्याचे घर जवळ होते, ज्याच्या घरात धान्य होते, त्याच्यासाठी थांबलेली गाडी म्हणजे काही काळ लांबलेला प्रवास होता. ज्याचे घर हजार किलोमीटर दूर होते आणि रोजंदारी त्याच दिवशी थांबली होती, त्याच्यासाठी थांबलेली गाडी म्हणजे परतीचा बंद झालेला एकमेव रस्ता होता. अशी माणसे चालू लागली. कोणी महामार्गाने गेले, कोणी रुळांच्या कडेने. रूळ वाट चुकू देत नाहीत, हा त्यांचा विश्वास. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर असेच भुसावळच्या दिशेने निघाले. तिथून गावाकडची गाडी मिळेल, ही आशा होती. रात्रभर चालून थकल्यावर बदनापूर ते करमाड या दरम्यान ते रुळांवरच विसावले. गाड्या बंद आहेत, हीच समजूत. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली आणि १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. ज्या मालगाड्यांनी शहरांची चूल पेटती ठेवली, त्यांपैकीच एका गाडीखाली ती भाकरी विखुरली, हे सत्य मनाला सहजी सोडत नाही.

तत्पूर्वी एक आठवडा, १ मे रोजी, तेलंगणातील लिंगमपल्ली येथून झारखंडमधील हटियासाठी पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली होती. ७२ जणांच्या डब्यात ५४ जण बसवले होते; एकूण प्रवासी सुमारे १,२००. महाराष्ट्रातून आरंभीच्या गाड्या नाशिकहून भोपाळ आणि लखनौकडे गेल्या. ऑगस्टअखेरपर्यंत अशा ४,६०० हून अधिक गाड्यांतून सुमारे ६३ लाख माणसे आपापल्या मुलखात पोहोचली. एवढ्या थोड्या अवधीत एवढी माणसे हलवणे हे साधे काम नव्हे. चालक, गार्ड, स्टेशनमास्तर, सफाई कामगार, सुरक्षा दलाचे जवान, सर्वांनी जीव मुठीत धरून ते केले. त्या श्रमांची नोंद कृतज्ञतेनेच घ्यायला हवी.

परंतु कृतज्ञतेने डोळे झाकून घेऊ नयेत. मे महिन्याचा उन्हाळा, तुडुंब भरलेले मार्ग आणि तासन्‌तास खोळंबणाऱ्या गाड्या यांनी अनेकांचा अंत पाहिला. वसई रोडहून गोरखपूरसाठी निघालेली एक गाडी मार्गावरील गर्दीमुळे ओडिशातील राउरकेलाकडून वळवण्यात आली; सकाळी जाग आल्यावर आपण भलत्याच राज्यात आहोत, हे प्रवाशांना कळले. श्रमिक गाड्यांतून प्रवास करताना ९७ जणांचा मृत्यू झाला, अशी माहिती सरकारने त्या सप्टेंबरात राज्यसभेत दिली. त्यांतील काहींना आधीपासून व्याधी होत्या, हेही सांगण्यात आले. तरीही त्या व्याधीला पाण्याची, सावलीची आणि वेळेवर मिळणाऱ्या माहितीची जोड मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच.

या काळोखात दिवे लागले नाहीत, असेही नाही. अनेक स्थानकांवर सेवाभावी मंडळे पाण्याच्या बाटल्या, पुरी-भाजीची पाकिटे, लहान मुलांसाठी दूध घेऊन उभी राहिली. गाडी जेमतेम काही मिनिटे थांबे. खिडकीतून हात बाहेर येई आणि पाकीट आत जाई. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या तोंडावर कापड असे. कोणी कोणाचा चेहरा पाहिला नाही, नाव विचारले नाही, जात विचारली नाही. दानात जी निरपेक्षता असावी असे ग्रंथ सांगतात, ती त्या खिडक्यांपाशी न सांगता घडत होती.

मग गाड्या परत सुरू झाल्या. त्या कोणत्या क्रमाने, हेही पाहण्याजोगे आहे. श्रमिक गाड्या ही तात्पुरती सोय होती. नेहमीच्या प्रवाशांसाठी १२ मे रोजी सुरू झालेल्या १५ जोड्या वातानुकूलित होत्या. १ जूनपासून आणखी २०० गाड्या आल्या, पण त्यांत साध्या डब्यालाही आरक्षण अनिवार्य झाले. फलाटावर येऊन खिडकीवर तिकीट काढायचे आणि गाडीत चढायचे, ही गरिबाची शतकभराची रीत मोडली. ज्याच्यापाशी चांगला फोन नव्हता, बँकेचे कार्ड नव्हते, त्याला तिकिटासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागले. मुंबईत १५ जून २०२० पासून लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. ऑक्टोबरात स्त्रियांना, फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांत सर्वांना परवानगी मिळाली. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत ती पुन्हा गेली. अखेर १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना पास मिळू लागला. दरम्यान विरारचा, कल्याणचा, पनवेलचा दुकानातला नोकर बसच्या रांगेत उभा होता. त्याचे काम घरून होण्यासारखे नव्हते.

सर्वांत शेवटी परतली ती प्रत्येक खेड्याच्या स्थानकावर थांबणारी साधी पॅसेंजर. ती परतली तेव्हाही अनेक मार्गांवर एक्स्प्रेसचे भाडे घेऊन आली: दहा रुपयांच्या जागी तीस. शाळेला जाणारी मुलगी, भाजीची पाटी घेऊन तालुक्याला येणारी बाई, दवाखान्यात जाणारा म्हातारा यांच्यासाठी वीस रुपयांचा हा फरक क्षुल्लक नव्हता. जुने भाडे पुन्हा लागू व्हायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. ज्येष्ठ नागरिकांची सवलत तर २० मार्च २०२० रोजी, वृद्धांनी प्रवास टाळावा या कारणाने थांबवली गेली. कारण सरले, तरी सवलत पुढे अनेक वर्षे परतली नाही.

यातून घेण्याजोगा बोध दुहेरी आहे. पहिला व्यवस्थेसाठी. गाडी थांबवावी लागली तर आधी पुरेशी सूचना द्यावी, आणि घरापासून दूर अडकलेल्यांना सर्वांत आधी पोहोचवावे. पुन्हा सुरू करताना आरंभ त्या डब्यापासून करावा, ज्यातील माणसापाशी दुसरे साधन नाही.

दुसरा बोध कुटुंबांसाठी. तिकीट काढल्याने आसनावर हक्क येतो. शेजाऱ्याच्या श्वासावर येत नाही. अंगात ताप असताना तो लपवून लग्नकार्याला निघणे, खोकला येत असूनही तोंड उघडे ठेवणे, खिडकी उघडण्यावरून भांडणे, हे किरकोळ दोष वाटतात. डब्यात मात्र ते दुसऱ्याच्या घरातील आजीपर्यंत पोहोचतात. आजारी असू तेव्हा प्रवास पुढे ढकलावा. शक्य तेव्हा आपली चादर, आपले पाणी, आपला डबा सोबत घ्यावा. घरकामाला येणारी बाई, दुकानातला मदतनीस, इमारतीचा पहारेकरी यांना गावी जायचे असेल, तर त्यांचे तिकीट घरातील तरुणाने आपल्या फोनवरून काढून द्यावे. यात पुण्याचा मोठा हिशेब मांडण्याचे कारण नाही. दहा मिनिटांचे काम आहे. आणि पुढे कधी साथ आली, तर त्यांच्यापैकी कोण कुठल्या गावचे, तिथे कसे जायचे आणि तोवर त्यांच्या घरात धान्य आहे का, हे विचारणे गाडी बंद होण्याच्या आदल्या दिवशीच झालेले असावे.