नवी लाइन, तुंबलेला संडास

दोस्ता, आयटीआयमधून प्लंबर होऊन बाहेर पडलास. २०१९ साली जलजीवन मिशन आलं नि नळाची कामं खेडोपाडी पोचली. आता विचारतोस, नव्या बांधकामावर जाऊ की रिपेरी धरू?

नव्या कामाचा पैसा ठेकेदाराच्या खिशातून, म्हणजे उशिराच. पण पाइप भिंतीत बुजायच्या आधी उतार, ट्रॅप, प्रेशर टेस्ट सगळं डोळ्यांनी दिसतं. रिपेरीत रोकडा संध्याकाळी हातात. पण आतलं कधी न पाहिलेला गडी अंदाजानं टाइल्स फोडत बसतो.

हे झालं सगळ्यांचं. आपलं वेगळंय. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या जत्रेत घोड्याचे दात बघून भाव ठरतो, प्लंबरचं आडनाव बघून काम. गळका नळ दुसऱ्याला, तुंबलेला संडास आपल्याला. ह्याला हे साले सर्व्हिस म्हणतात! जात नुसती कामं वाटत नाही, कामकरी माणसंच वाटून टाकते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलंय.

म्हणून आधी दोनेक वर्षं नवं काम कर. नकाशा वाचायला शीक. मग खुशाल रिपेरी, पण स्वतःच्या पाटीखाली, स्वतःच्या दरानं. आणि सेप्टिक टाकीत उतर म्हणाले तर २०१३ चा कायदा तोंडावर मार: साधनांशिवाय माणूस आत उतरवणं गुन्हा आहे. सक्शनची गाडी बोलवा म्हणावं. भाडं घरमालकानं भरायचं.