मांटा तुमच्या रीलसाठी येत नाही

मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर दूर, भर समुद्रात, सान बेनेदिक्तो बेट आहे. काबो सान लुकासहून बोटीने जायला जवळपास पूर्ण दिवस लागतो. तिथे माझ्यासमोर महाकाय मांटा रे आला. कॅमेरा पुढे धरून मी त्याच्या मागे लागलो. तो वळला आणि गेला. माझ्यामुळे सोबतच्या सगळ्यांचा डाइव्ह वाया गेला.

पुढच्या डाइव्हला मी हात बांधून स्थिर राहिलो. मांटा स्वतःहून आला आणि आमच्या बुडबुड्यांवर तरंगत राहिला.

‘एवढे पैसे भरलेत, मग जवळून शूट करणारच’ हे मी बोटीवर ऐकलंय, मनात म्हटलंयही. पण पैसे बोटीचे भरलेत, मांटाचे नाही! त्याच्या अंगावरचा चिकट थर त्याचं रक्षण करतो, म्हणून हात लावायचा नाही. मादी एका वेळी साधारण एकच पिल्लू देते, तेही काही वर्षांच्या अंतराने. २०१७मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, मासेमारी बंद झाली. पाठलाग मात्र चालूच आहे.

माझं म्हणणं सरळ आहे: जो पाठलाग करेल, त्याचा पुढचा डाइव्ह रद्द. माझाही व्हायला हवा होता.