मधाचा दाखला खरा, निष्कर्ष घाईचा



गेल्या अंकातील ‘भाजल्यावर मधच लावा’ या पत्रात सोलापूरचा दाखला दिला आहे. दाखला खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ भाजलेल्या रुग्णांवरील मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम यांची तुलना प्रसिद्ध केली. मधाच्या गटातील जखमा लवकर भरल्या. पण तिथे पाहिले गेले ते जंतुसंसर्ग आणि जखम भरणे. भाजलेली जागा पुढच्या दोन-तीन दिवसांत आणखी खोल जाऊ शकते. मधाने ते थांबते का, हा प्रश्न निराळा.

बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये भाजलेल्या जागेचे तीन पट्टे सांगितले : आतला मेलेला, बाहेरचा लालसर आणि दोहोंमधला, रक्तप्रवाह मंदावलेला. हा दोहोंमधला वाचूही शकतो, मरूही शकतो; तो मेला की जखम खोल जाते.

तो वाचतो का, हे पाहण्यासाठी खास चाचणी आहे. पितळी फणी उकळत्या पाण्यात तापवून भूल दिलेल्या उंदराच्या पाठीवर टेकवतात. चार दात्यांचे चार चटके उमटतात. मधल्या तीन फटींतली कातडी थेट भाजत नाही, तरी उपचाराविना काही दिवसांत बरीचशी मरते. मलम लावल्यावर त्यातली किती जगली, हे मोजतात. उंदरावर लागू पडलेले माणसावर लागू पडेलच असे नाही. म्हणून पुढे रुग्णांवर तुलना हवीच.

तोवर वाचकांना कळकळीची विनंती : चटका बसताच ती जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट, हळद, मध काही लावू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि दवाखाना गाठा.