अर्जुनसालीला परंपरेची साक्ष

अर्जुनसालीची तरफदारी करणारे दोन विधाने हमखास जोडून करतात: हृदयविकारावर ती हजारो वर्षे चालत आली आहे, आणि झाडाची साल असल्याने तिचा अपाय संभवत नाही. साक्षीला परंपरा बोलावलीच आहे, तर तिचे पूर्ण ऐकून घ्यावे. चरकसंहितेत हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांचा गण आहे. त्यात आंबा, डाळिंब, महाळुंग आहेत, अर्जुन नाही. तो सापडतो अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांध्या शमवणाऱ्या गणात. हृद्रोगावर सालीने सिद्ध केलेले दूध, म्हणजे क्षीरपाक, अकराव्या शतकातल्या चक्रदत्त या ग्रंथात सांगितलेले आहे. म्हणजे मधल्या काळात वैद्यांनी पाहिले, पारखले आणि द्रव्याची जागा बदलली. त्या दुधालाही माप होते: सालीच्या आठपट दूध, बत्तीसपट पाणी, आणि दूध उरेपर्यंत आटवणे. आज परंपरेची ग्वाही देत विकली जाते ती कॅप्सूल!

आता निरुपद्रवीपणाचा दावा. साल रक्तदाब उतरवते असे म्हणायचे आणि रक्तदाबाच्या गोळीबरोबर ती घेतल्यास काही होत नाही असेही म्हणायचे, हे एका तोंडाने जमणारे नाही. सालीत टॅनिन भरपूर असते; त्याने मलावरोध होऊ शकतो, आणि हृदयरुग्णाला शौचाला कुंथावे लागणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकरांना सालीचा अर्क अडवतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने हे डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवे. शिवाय बाजारात अर्जुनाच्या नावाखाली ऐनाची सालही खपते. झाडावर फरक उघड असतो, अर्जुनाचे खोड गुळगुळीत व फिकट, ऐनाचे मगरीच्या पाठीसारखे भेगाळलेले. चूर्ण झाल्यावर कोण ओळखणार?

मग सगळेच थोतांड समजायचे का? तसेही नाही. १९९५ मध्ये हृदय निकामी होत चाललेल्या अवघ्या १२ रुग्णांवरच्या चाचणीत सुधारणा दिसली होती. पुढे दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी नेहमीची औषधे चालू असलेल्या १०० रुग्णांना १२ आठवडे सालीचा जलीय अर्क किंवा दिसायला तशीच निष्क्रिय मात्रा दिली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता वाढली नाही, काहींची चालण्या-फिरण्याची ताकद मात्र सुधारली. धमनीतला अडथळा विरघळल्याचे तर एकाही चाचणीने सिद्ध केलेले नाही. यावर आक्षेप येतो की तो पाण्यातला अर्क होता, क्षीरपाक नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निघते ती क्षीरपाकाच्याच चाचणीची मागणी. चाचणीतून सूट निघत नाही. ती होईपर्यंत साल घ्यायची तर वैद्याने ठरवलेल्या मात्रेत, डॉक्टरांना सांगून आणि चालू गोळ्या न सोडता घ्यावी. छातीत कळ आली असताना काढा उकळत बसणाऱ्याला चक्रदत्ताचाही आधार नाही.