आधी सगळी प्लगइन्स बंद करा!

"कृपया सर्व प्लगइन्स निष्क्रिय करावीत, मूळ थीम लावून पाहावी व कळवावे. ७२ तासांत उत्तर न आल्यास तिकीट आपोआप बंद होईल."

कुरवंड्याच्या एका वाचकाने चौदा मेलांची चळत आमच्याकडे पाठवली आहे. त्यांत हे वाक्य तीन वेळा येतं आणि तिन्ही वेळा ते वेगवेगळ्या कंपन्यांकडून येतं. हे वाचक लोणावळ्याजवळच्या कुरवंडे-तुंगार्ली भागातल्या भाड्याने जाणाऱ्या बंगल्यांच्या वर्डप्रेस साइट्स सांभाळतात. आषाढातला शनिवार, धुक्यात नागफणी दिसेनाशी झालेली, मुंबईच्या गाड्या घाट चढायला लागलेल्या, आणि त्याच सकाळी एका बंगल्याच्या साइटवर 'पैसे भरा' हे बटण दाबलं की गंभीर त्रुटीचं पान. होस्टिंगवाले म्हणाले, दोष पेमेंटच्या प्लगइनचा. पेमेंटवाले म्हणाले, थीम तपासा. थीमवाले म्हणाले, इतरांच्या प्लगइनची जबाबदारी आमची नाही. आणि मग तिघांनीही तोच मंत्र म्हटला : आधी सगळी प्लगइन्स बंद करा.

त्या साइटवर ३७ प्लगइन्स आहेत. ती बंद करायची म्हणजे बुकिंगचं कॅलेंडर, जीएसटीचं बिल, मेल पाठवणारं एसएमटीपी, सगळंच बंद. लोणावळ्यातल्या चिक्कीवाल्याला शनिवारी दुपारी जाऊन सांगा, 'आधी सगळ्या भट्ट्या विझवा, मग गूळ कुठे करपला ते बघू.' तो काय उत्तर देईल ते इथे छापता येणार नाही. आपण मात्र निमूटपणे भट्ट्या विझवतो.

शिवाय बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं पूर्ववत होतं, हा समजही खोटा. कॅशचं प्लगइन बंद होताना एचटीअ‍ॅक्सेसमधल्या स्वतःच्या ओळी काढून नेतं. बरीच प्लगइन्स निष्क्रिय होताना आपली क्रॉनची कामं पुसतात, आणि पुन्हा चालू केल्यावर ती सगळी परत नोंदली जातीलच असं नाही. म्हणजे एक बिघाड शोधायला निघायचं आणि दोन नवे घेऊन परतायचं.

आता खरा घोटाळा काय होता ते सांगतो, कारण त्यात आपल्या धंद्याचं अख्खं दुखणं आहे. शुक्रवारी रात्री पेमेंटचं प्लगइन आपोआप अपडेट झालं. नव्या आवृत्तीला एका लायब्ररीतली नवी मेथड हवी होती. लायब्ररीची नवी प्रत तिने सोबत आणलीही होती. पण तीच लायब्ररी, जुनी प्रत, बिल बनवणाऱ्या प्लगइनच्या पोटातही होती. वर्डप्रेस प्लगइन्स लोड करतं ते फोल्डरच्या नावाच्या वर्णक्रमाने, त्यामुळे बिलवाला आधी आत आला आणि पेमेंटवाला नंतर. पेमेंटवाल्याच्या कोडमध्ये 'क्लास आधीच असेल तर पुन्हा लोड करू नका' असा पहारा होता. त्याने मुकाट्याने जुनी प्रत स्वीकारली, नवी मेथड मागितली आणि तो कोसळला. लॉगमध्ये नाव आलं पेमेंटच्या फाइलचं. लॉग पडणाऱ्याचं नाव सांगतो, पाय कुणी घातला ते सांगत नाही. तो क्लास नेमका कुठल्या फाइलमधून आला, हे रिफ्लेक्शनक्लासला एका ओळीत विचारता येतं. चौदा मेलांमध्ये ही एक ओळ कुणीही सुचवली नाही.

या वाचकांनी लॉग पाहिला नव्हता असं नाही. पाहिला होता, पण बिघाडाची नोंद ०३:४० ची दिसली, म्हणून 'हे रात्रीच्या अपडेटचं काहीतरी असेल' म्हणून सोडून दिली. डीबग लॉगची वेळ यूटीसी असते, मंडळी! साडेपाच तास मिळवा : सकाळचे ९ वाजून १० मिनिटं. पहिल्या गिऱ्हाइकाचा फोन आला तीच वेळ. डॅशबोर्डमध्ये कोलकात्याची वेळ लावली म्हणून लॉग ती पाळत नाही.

'वर्डप्रेस आता स्वतःच सांभाळून घेतं' असं सांगणारे सदस्य आम्हाला हमखास भेटतात. काय सांभाळतं ते नीट पाहा. मे २०१९ च्या ५.२ पासून रिकव्हरी मोड आहे. त्याची मेल निघते ती बिघाड लॉगिनच्या किंवा डॅशबोर्डच्या दारात झाला तर. बुकिंगच्या पानावर आपटलेल्या गिऱ्हाइकाची खबर ती देत नाही. जुलै २०२४ च्या ६.६ पासून आपोआप झालेलं अपडेट फसलं तर जुनी आवृत्ती परत येते, हेही खरं. पण ती तपासणी मुखपृष्ठ उघडतं का एवढीच. कुरवंड्याचं मुखपृष्ठ झकास उघडत होतं, धबधब्याच्या फोटोसकट. आणि हे सगळं पीएचपीच्या बिघाडापुरतं. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट मोडली तर तिकडे कुणीच बघत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ ने जेक्वेरी मायग्रेट काढून घेतलं, तेव्हा किती स्लायडर आणि तारीख निवडायचे चौकोन एका रात्रीत मुके झाले, ते ज्यांनी निस्तरलं त्यांना विचारा.

मग शोधायचं कसं? साइटची स्टेजिंग प्रत काढून, आणि निम्म्या-निम्म्याने. ३७ प्लगइन्स एकेक करून तपासायला ३७ फेऱ्या लागतील. निम्मी बंद, मग उरलेल्यांतली निम्मी, असं गेलं तर सहा फेऱ्यांत काम होतं. पण निम्मानिम्मी करणारेही एके ठिकाणी फसतात. भांडण जोडीचं असेल आणि जोडीतला एक या निम्म्यात, दुसरा त्या निम्म्यात पडला, तर दोन्ही वेळा साइट ठणठणीत दिसते. लोक 'आपोआप बरी झाली' म्हणून सगळं चालू करतात आणि पुन्हा आपटतात. दोन्ही निम्मे एकटे असताना ठीक आणि एकत्र आले की बिघाड, हाच तर जोडीचा पुरावा आहे! अशा वेळी एक निम्मा पूर्ण चालू ठेवा आणि दुसरा फोडत जा. एक जण सापडला की त्याला चालू ठेवून पहिला निम्मा फोडा. दर फेरीला कॅश पुसा, ऑपकोड आणि ऑब्जेक्ट कॅशसुद्धा. नाहीतर परवाच्या साइटची परीक्षा आज घेत बसाल.

ज्यांना स्टेजिंग मिळतच नाही त्यांच्यासाठी हेल्थ चेक प्लगइनचा ट्रबलशूटिंग मोड आहे. त्यात फक्त तुमच्यापुरती प्लगइन्स बंद होतात, पाहुण्यांना साइट जशीच्या तशी दिसते. पण पेमेंट गेटवेचा वेबहुक तुमच्या लॉगिनमधून येत नाही आणि क्रॉनही येत नाही. त्यांचा बिघाड या मोडमध्ये सापडणार नाही.

कंपन्यांना बोलून झालं, आता घरच्यांकडे वळतो. मूळ थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये थेट हात घालणारे आपल्यात अजून आहेत. चाइल्ड थीमचं नाव काढलं की 'वेळ कुठाय' म्हणतात, आणि अपडेटने सगळं पुसलं की रात्र जागवायला वेळ काढतात. एका परवान्याची थीम दहा गिऱ्हाइकांना लावणारे आहेत. थीमसोबत फुकट आलेला स्लायडर परवान्याच्या कीशिवाय अपडेट होत नाही, तो वर्षानुवर्षं तसाच कुजतो. २०१४ मध्ये स्लायडर रिव्होल्यूशनमधल्या भोकातून सोकसोक नावाच्या मालवेअरने लाखाच्या वर साइट्स गाठल्या, त्या बहुतांशी अशाच थीममध्ये दडलेल्या जुन्या प्रतींमुळे. तरी आपण शिकलो नाही. प्रशासकाचा ईमेल बरोबर आहे का, असं वर्डप्रेस दर सहा महिन्यांनी विचारतं आणि आपण 'नंतर आठवण करा' दाबतो. कुरवंड्याच्या त्या साइटवर कुणाचा पत्ता होता? तीन वर्षांपूर्वी काम सोडून हिंजवडीत नोकरीला लागलेल्या मुलाचा.

ज्या गावातून ही तक्रार आली त्या गावाच्या घाटानेच मोगल सरदार कारतलबखान कोकणात उतरला होता. फौज मोठी, सामान भरपूर, आणि पुढची वाट कशी आहे याचा पत्ता नाही. खाली उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी त्याला असा कोंडला की पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. त्याच्यासोबत असलेल्या रायबागनने शरण जायचा सल्ला दिला म्हणून जीव वाचला, सामान मात्र तिथेच ठेवून परतावं लागलं. बॅकअप न घेता शुक्रवारी रात्री चालत्या साइटवर अपडेट सोडणाऱ्याची गत याहून वेगळी नाही. घाट उतरण्याआधी परत चढायची वाट बघून ठेवावी, एवढंच.

म्हणून या महिन्यापासून काही गोष्टी ठरवून टाकू. 'सगळी प्लगइन्स बंद करा' या उत्तराला चालत्या साइटवर मान तुकवायची नाही. स्टेजिंगवर तपासलंय असं लिहायचं आणि सोबत जोडीची नावं, दोघांच्या आवृत्त्या, पीएचपीची आवृत्ती, लॉगची नेमकी ओळ आणि बिघाड पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या द्यायच्या. असं तिकीट टोलवायला त्यांनाही जड जातं. प्लगइन लिहिणाऱ्या आपल्या सदस्यांनी सोबत दिलेल्या लायब्ररीला स्वतःची नेमस्पेस लावल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर काढू नये. दुसऱ्याच्या घरात आपलं भांडं ठेवायचं तर त्यावर नाव घालतात, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. डीबग लॉग चालू ठेवा, पण त्याची जागा बदला, नेहमीच्या पत्त्यावर तो कुणालाही वाचता येतो. आणि आज, हा अंक खाली ठेवायच्या आत, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या साइटवरचा प्रशासकाचा ईमेल बघा.

पुढच्या अंकापासून एक पान आम्ही 'जोड्या' या नावाने राखून ठेवत आहोत. कुठलं प्लगइन कुठल्या थीमशी किंवा कुठल्या प्लगइनशी भांडतं, कुठल्या आवृत्तीत, आणि तुम्ही काय करून सोडवलंत, एवढंच पोस्टकार्डाएवढ्या मजकुरात पाठवा. गिऱ्हाइकाचं नाव नको, लॉगची ओळ हवी. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग सुरू होण्याआधी या पानावर पुरेशा जोड्या जमल्या, तर कुणाचा तरी एक शनिवार वाचेल.

कुरवंड्याच्या वाचकांनी शेवटी बिलाचं प्लगइन बदललं आणि साइट सुरू झाली. त्यांची तिन्ही तिकिटं ७२ तासांनी 'समस्येचे निराकरण झाले' या शेऱ्यासह बंद झाली आहेत. तिन्ही कंपन्यांनी आता पाच तारे मागितले आहेत.