खुर्चीतून उठण्याचा खेळ

मूल तालुक्यातल्या आमच्या मशिदीत मागच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या वाढत चालल्या आहेत. गुडघे वाकत नाहीत, म्हणून बुजुर्ग खुर्चीवर बसून नमाज पढतात. पुरुषांचे हे दुखणे निदान चारचौघांना दिसते. घरात बाजेची कड धरून उठणारी नानी मात्र कोणाच्याच हिशेबात नसते.

तिला व्यायामाचे नाव काढले की ती हसते. जन्मभर रोवणीला वाकलेली, मोहफुले वेचलेली, तेंदूपत्त्याचे पुडे बांधलेली बाई, तिला आपण काय व्यायाम शिकवणार? पण कष्टाने कमावलेले शरीर जन्माला पुरत नाही. काम सुटले की पायांतला जोर जातो, मागोमाग तोल जातो. आणि आपल्याकडे कामाबरोबर चालणेही सुटते. डॉक्टर सांगतात, पहाटे फिरायला जा. ताडोबा किंवा ब्रह्मपुरीच्या जंगलाला लागून असलेल्या गावात वाघाच्या भीतीने धडधाकट माणूस पहाटे एकटा निघत नाही, तिथे म्हातारीने कुठे फिरायचे? मे महिन्यात तर नऊ वाजताच अंगण तापते.

म्हणून चार भिंतींच्या आत काय करता येईल, हा प्रश्न आपल्या दोन जिल्ह्यांत फुरसतीचा नाही. पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली कराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. त्याआधी, २०१९ मध्ये, कॉक्रेनने जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. नियमित व्यायाम करणाऱ्या वृद्धांत पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळले. मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेले माणूस ज्या घराने पाहिले आहे, त्या घराला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता खेळाकडे येतो. शरीर हलवून खेळायचे व्हिडिओ गेम २००६ साली निन्टेन्डोच्या 'वी'ने घरोघरी नेले. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'किनेक्ट' आला आणि हातात काही धरायची गरज उरली नाही. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले, पण तेच काम आज साधा फोन करतो. कॅमेऱ्यासमोरच्या शरीरावरचे ३३ बिंदू ओळखणारे गूगलचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि इंटरनेटशिवाय चालते. अशा खेळांनी वृद्धांचा तोल सुधारतो, असे बऱ्याच प्रयोगांत दिसले आहे. ते प्रयोग बहुतेक लहान होते, तेही दवाखान्यांत किंवा वृद्धाश्रमांत झालेले. आपल्या पडवीत ते किती लागू पडतात, हे पडवीतच पाहावे लागेल.

मी पाहिले. दोन रविवार बसून एक खेळ बनवला आणि नानीसमोर लावला. पडद्यावर हाफपँट घातलेली आकृती उभी राहिली. नानी म्हणाली, "हा कोन गा उघडा मानूस?" ती आकृती काढून टाकली. मग कळले की लुगड्याच्या घोळात फोनला तिचे गुडघेच सापडत नाहीत, आणि दाराकडे पाठ केली की उजेडाने सगळेच गडबडते. हे सॉफ्टवेअर शिकवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लुगडे नेसलेली बाई फारशी नसावी. शेवटी गुडघ्यांचा नाद सोडला आणि खांदे किती वर गेले, एवढेच मोजले. खुर्चीतून उठले की झाडावरून मोहफूल पडते. दहा फुले झाली की टोपली भरते.

तिचा पुढचा प्रश्न मात्र माझ्या कोणत्याही टेस्टिंगमध्ये आला नव्हता. "माह्ये फोटो कुठं जातीन?" बायकांच्या बाबतीत सगळे घोडे इथेच अडते, आणि अडायलाच हवे. चित्रण साठवणारा किंवा बाहेर पाठवणारा खेळ घरात आणूच नये.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने बाळांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजायचे एक साधन बनवले होते. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईसाठी एका मिनिटाची वाळू आणि दहा श्वासांना एक मणी. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. त्या कामाने अर्भकमृत्यू किती घटले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. इंजिनिअर म्हणून मला त्या मण्यांचा हेवा वाटतो. साधन दाईच्या हाताला बसेल असे होते, आणि ते वापरायला गावातलेच माणूस होते.

आपल्याकडे घोडे अडते ते दुसऱ्या गोष्टीवर. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरच्या गरजूंना तीन हजार रुपये मिळतात, त्यात काठी येते, गुडघ्याचा पट्टा येतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी वीस मिनिटे समोर बसणारे माणूस त्यात येत नाही. फोन आपल्या खिशात आहे आणि आपण नागपूर-पुण्यात. जे गावात आहेत, त्यांनी आशाताईंशी बोलावे, उपकेंद्राचा व्हरांडा एका संध्याकाळपुरता मागावा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, जवळ एक जण उभा असावा. चक्कर आली किंवा छातीत दुखले की लगेच थांबावे.

नानीने तिसऱ्या दिवशी शेजारच्या गोंड आजीला बोलावले. माझा खेळ एका वेळी एकच माणूस ओळखतो, त्यामुळे आता पाळीवरून दोघींची भांडणे होतात. दोघींना एकत्र कसे मोजायचे, त्यावर काम चालू आहे. कोणाला कोड पाहायचा असेल तर कळवा.